थोरल्या सुळक्यावरचा दोर

सह्याद्रीच्या ऐन कण्यावर, जिथे घाटवाटासुद्धा दमून वळसा घेतात अशा रानात, उंबरघळ नावाचे गाव होते. गावाच्या डोक्यावर सात सुळके उभे. सहा एकमेकांच्या बरोबरीचे आणि सातवा त्या सगळ्यांच्या खांद्यावरून डोकावणारा. त्याला थोरला सुळका म्हणत. दहा गावांच्या रानात त्याच्यापेक्षा उंच काही नव्हते. सकाळी दार उघडल्यावर माणूस आधी त्याच्याकडे बघे, तो दिसतो की ढगात आहे यावरून दिवसाचे काम ठरवी आणि मग तोंड धुवी.

त्या गावाच्या ओढ्याकाठी, एका जुन्या उंबराखाली, श्रीरानोबा महाराज राहत असत. ते कुठून आले हे कुणालाच ठाऊक नव्हते. विचारले तर म्हणत, "वाट सरली, म्हणून इथं बसलो." अंगावर बारा महिने एक काळी घोंगडी. कुणी भाविकाने नवी आणून पांघरली, तर दिवस मावळायच्या आत ती एखाद्या गुराख्याच्या पाठीवर दिसायची आणि महाराज पुन्हा जुन्याच घोंगडीत. बोलणे मोजके, पण बोलले की ऐकणाऱ्याला ते घरी जाईपर्यंत पुरे. अशा त्या समर्थांची ही कथा आहे, आणि त्यांच्याइतकीच ती मसाजीची आहे.

मसाजी जातीने मातंग. गावकुसाबाहेर त्याचे खोपट आणि खोपटापुढे लांबच लांब सारवलेले अंगण. तो दोर वळायचा. घायपाताची पाने ओढ्यात कुजत घालायची, ठेचायची, धुवायची, त्यातून पांढरा वाख काढायचा आणि त्या वाखाचा दोर करायचा. मोटेचा दोर म्हणा, बैलाची वेसण म्हणा, पाळण्याची दोरी म्हणा, पंचक्रोशीत मसाजीच्या हातचा पीळ वाखाणला जाई.

दोर वळायची रीत ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. अंगणाच्या एका कडेला एक माणूस लाकडी आकडी घेऊन बसतो. वाखाचे टोक त्या आकडीला बांधायचे आणि बसलेल्याने ती फिरवत राहायची. वळणारा कमरेला वाख खोवून आकडीकडे तोंड करून उभा राहतो, बोटांनी वाख सोडत एकेक पाऊल मागे सरकतो. जितका दोर लांब, तितका तो मागे जातो. त्याला मागचे दिसत नाही. टाच टेकवून जमीन अजमावायची, मग पाऊल टाकायचे. नजर मात्र समोरच्या आकडीवरून हलवायची नाही, कारण नजर हलली की पीळ बिघडतो. मसाजीचे अर्धे आयुष्य असे उलटे चालण्यात गेले होते. गावातली टवाळ मंडळी त्याला "उलट्या पायाचा" म्हणत आणि वर हसत.

आकडी फिरवायला त्याची बायको बसे, हौसा. एकवीस वर्षे ती त्याच्या दोराच्या दुसऱ्या टोकाला होती. अंगणात ती बसे तिथून थोरला सुळका नीट तिच्या समोर यायचा. एके साली मसाजी हिवतापाने अंथरुणाला खिळला. वैद्याने हात टेकले तेव्हा हौसा अंगणात आली, सुळक्याकडे पाहून पदर पसरला आणि म्हणाली, "धारजाई आई, माझा धनी उठला तर तुझ्या टोकावर येऊन तुझी ओटी भरंन." मसाजी उठला. हौसाने हिरवा खण आणि डझनभर बांगड्या आणून ठेवल्या. आणि नवस फेडायच्या आधी तीच गेली. जाताना तिने नवऱ्याचे मनगट धरले होते. "जीव वाचला तुमचा, आन् देणं राहिलं माझं," एवढेच म्हणाली. वर्षाच्या आत हे तुम्ही फेडा, असे तिच्या डोळ्यांत होते आणि मसाजीने मान हलवली होती.

मान हलवणे सोपे होते. सुळक्यावर जाणे सोपे नव्हते, आणि नुसत्या चढणीमुळे नव्हे.

थोरल्या सुळक्याच्या माथ्यावर धारजाई देवी आहे. तिला देऊळ नाही, भिंत नाही, झाडाची सावलीसुद्धा नाही. उघड्या खडकातून वीतभर वर आलेला शेंदरी तांदळा, एवढीच ती. वर्षातून एकदा, चैत्री पुनवेला, तिची पूजा होई. माथ्याच्या खाली तीस हातांचा सरळ कडा आहे आणि कड्याच्या पायथ्याशी एक सपाट दगड. त्याला पायरी म्हणत. बाकीच्या गावाने पायरीपाशी थांबायचे. पाटील, गुरव आणि दोन गडी एवढ्यांनीच कडा चढायचा. एक गडी कोरड्या खडकात बोटे रुतवून आधी वर जाई, तिथल्या भेगेत ठोकलेल्या खैराच्या खुंट्याला दोर बांधी आणि मग बाकीचे दोर धरून चढत. तो दोर दर वर्षी मसाजीच्या घरचा. दोर देवीच्या डोक्यापर्यंत जायचा. दोर वळणाऱ्याने मात्र पायरीच्याही खाली, करवंदीच्या जाळीपाशी थांबायचे. आता हा न्याय कोणी ठरवला, देवीने की माणसांनी, हे ज्याचे त्याने मनाशी विचारावे.

गावचे पाटील हैबतराव. धिप्पाड गडी, भारदस्त आवाज आणि डोक्याला चाळीस हाती जरीकाठी पटका. थोरला सुळका आपण अठरा वेळा सर केला हे ते ज्याला त्याला सांगत. पाहुणा आला की आधी पाणी आणि मग सुळका. दोर धरून चढलो एवढे सांगायचे मात्र ते दर वेळी विसरत.

माघ महिन्यात मसाजी चावडीपुढे जाऊन उभा राहिला. डोक्याचे मुंडासे काढून हातात धरले होते.

"पाटील, एक मागणं हाय. यंदा मला वर येऊ द्या. बायकूचा नवस हाय. ओटी ठिवतो आन् लगी माघारी फिरतो."

हैबतरावांनी आधी त्याच्याकडे आणि मग चावडीवर बसलेल्या मंडळींकडे पाहिले. "ऐकलंत का? दोर वळता वळता याला वाटायला लागलं की सुळका याच्याच दोरानं बांधून ठेवलाय."

मंडळी हसली.

"आरं, उलट्या पायानं चालणारं काय असतंय ठाऊक हाय ना? ते देवीपुढं न्हाई जात, मसणवटीत जातंय. खण गुरवाकडं दे, तो पायरीवर ठेवील."

"तिनं टोकावर म्हणलं हुतं, पाटील. पायरीवर न्हाई."

हे शब्द मसाजी हळूच बोलला, पण मागे हटला नाही. हैबतरावांना हसणे चालत होते, उत्तर चालत नव्हते. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मग आणखी ऐक. यंदा तुझा दोर पण नको. शहरातनं सुती दोर मागवतो, पांढराधोप. तुझ्या त्या काट्याकुशाच्या दोरानं हाताची सालटी निघत्यात."

मसाजी तिथून निघाला तो थेट उंबराखाली आला. महाराज ओढ्यात पाय सोडून बसले होते. मसाजीने लांबूनच जमिनीवर डोके टेकले आणि सगळे सांगितले. वर्ष सरायला दोन महिने उरले होते. चैत्री पुनव एकच होती.

महाराज म्हणाले, "दोर वळायला घेतलास का?"

"दोर तर नको म्हनले, महाराज."

"त्यांना नको असेल. तुला कोणी सांगितलं वळू नको म्हणून?"

मसाजी म्हणाला, "आकडी फिरवाया कोन हाय आता? ती गेल्यापास्नं म्या लांब दोर वळलाच न्हाई. खुंट्याला बांधून दोऱ्या करतोय."

"मी आहे की," महाराज म्हणाले. "किती लांब वळशील?"

"कडा तीस हात. वर बांधाया धरून चाळीस पुरं."

"सत्तर वळ."

"येवढा कशापायी, महाराज?"

"तू वळ तर खरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मसाजी उठून बाहेर आला तर अंगणाच्या कडेला, हौसा बसायची त्याच जागी, काळी घोंगडी पांघरून महाराज बसलेले आणि हातात आकडी. ती गेल्यापासून त्या जागेवर कोणी बसले नव्हते. मसाजीने वाख कमरेला खोवला, आकडीला टोक बांधले आणि एक पाऊल मागे सरकला.

गावात कुजबुज व्हायला कितीसा वेळ लागतो! दुपारपर्यंत ही बातमी हैबतरावांच्या वाड्यात पोचली. ते तडक आले आणि अंगणाच्या बाहेरच उभे राहिले. आत पाऊल टाकणे त्यांच्या इभ्रतीला झेपणारे नव्हते.

"महाराज, आपण इथं? हे काय आरंभलंय? माझा वाडा मोकळा पडलाय, पाट मांडतो."

महाराजांनी आकडी थांबवली नाही. "पाटील, तुमच्या वाड्यात बसलो तर तुम्ही माझ्याकडे किती वेळ बघाल? पानाचा डबा येईल, माणसं येतील, तुम्ही वळाल. हा बघा सकाळपासून माझ्याकडे तोंड करून आहे. लांब जातो, पण पाठ करत नाही."

हैबतरावांना ते बोलणे झोंबले. मसाजीकडे पाहून म्हणाले, "एवढा लाडका असलास तर देवीच तुला उचलून नेईल की वर. बघू आम्ही." आणि ते चालते झाले.

मसाजीने पाऊल थांबवले नव्हते. त्याच्या मनाचा निश्चय त्याच दिवशी झाला. रागाने नव्हे, राग त्याला करताच येत नसे. पण महाराज आकडी फिरवतात आणि आपण वळतो आहोत, तर हा दोर वाया जाणार नाही, एवढे त्याने मनाशी धरले आणि मग सोडले नाही. तीन पेडांचा सत्तर हात दोर तो महिनाभर वळत होता. बोटे फुटली, त्यांवर त्याने राख दाबली आणि पुन्हा वाख घेतला. शेवटची गाठ मारली तेव्हा महाराज उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "पुनवेला हा खांद्यावर घे आणि सगळ्यांबरोबर जा. पायरीपर्यंत."

"पुढं?"

"पुढचं पुढं. टोक मी धरलंय ना?"

चैत्री पुनव आली. वाजतगाजत गाव डोंगर चढू लागले. सगळ्यांच्या मागे, दहा हातांचे अंतर ठेवून, मसाजी. खांद्यावर सत्तर हात दोराचे वेटोळे आणि छातीशी फडक्यात बांधलेला खण आणि बांगड्या. ऊन मी म्हणत होते. हैबतराव वळून म्हणाले, "मसाजी, एवढा दोर? सुळक्याला वेसण घालायचीय का?" लोक हसले. मसाजीने खांदा बदलला आणि तो चालत राहिला.

दुपार कलताना मंडळी पायरीपाशी पोचली. मसाजी करवंदीपाशी थांबला. गडी वर चढला, शहरातला पांढरा दोर खुंट्याला बांधून खाली सोडला. मसाजीची नजर त्या दोरावरून वर काठाकडे गेली. कड्याचा काठ सुरीसारखा आहे. तिथे दोराखाली गोणपाट घालावे लागते, नाहीतर प्रत्येक हेलकाव्याला दोर कापला जातो. त्याच्या घरचा दोर जाई तेव्हा तो गोणपाटाची घडीही सोबत देत असे. यंदा ती कोणी मागितली नव्हती. तो ओरडून सांगणार होता, पण वाजंत्र्यात त्याचा आवाज कोणाला ऐकू येणार? आणि ऐकला असता तरी मानला कोणी असता?

पाटील, गुरव आणि दोन गडी वर गेले. खाली घंटेचा आवाज ऐकू आला, वर धूप दिसला. आणि मग काय झाले ते कोणाला नीट सांगता आले नाही. सहा धाकट्या सुळक्यांच्या मागून काळे ढग उठले आणि बघता बघता माथा त्यात बुडाला. वळिवाचा पाऊस रानाला नवा नव्हता, पण त्या दिवशी आधी वारा आला, मग गारा आल्या आणि मग विजा. वर उघड्या खडकावर चार माणसे आणि विजेला दुसरे काही उंच नाही!

रीत अशी की दोरावर एका वेळी एकच माणूस. दोघे गडी घाबरले आणि एकाच वेळी दोरावर आले. ओला खुंटा भेगेतून उपटला गेला. दोघेही शेवटचे आठ-दहा हात कोसळत पायरीशेजारी पडले, एकाचा पाय मोडला, दुसऱ्याचा खांदा निखळला. त्यांच्यावर येऊन पडला तो पांढरा दोर. काठावर घासून त्याचे दोन पेड तुटलेले होते आणि तिसरा धाग्याधाग्यावर आला होता. खुंटा गाठीतून निसटून दरीत गेला.

वर उरले हैबतराव आणि म्हातारा गुरव. खाली ओल्या, शेवाळलेल्या कड्याकडे बघत गाव उभे. चढणारे गडी जमिनीवर कण्हत होते.

मसाजी करवंदीच्या जाळीपासून निघाला. कोणी हाक मारली नव्हती. गर्दीतून वाट काढत तो थेट पायरीवर आला आणि तिच्यावर उभा राहून त्याने वर तोंड केले. ढगात काही दिसत नव्हते.

"पाटील, पटका सोडा! पटका सोडून खाली टाका, टोक हातात ठिवा!"

पटका उतरवणे म्हणजे काय ते हैबतरावांनाच ठाऊक. पण पुढची वीज शेजारच्या सुळक्यावर कडाडली आणि ढगातून जरीकाठी पटका सरसरत खाली आला. ज्याच्या सावलीत उभे राहायची मसाजीला बंदी होती, त्या पटक्याचे टोक त्याने हातात धरले आणि त्याला आपला दोर बांधला.

"वढा! आन् काठावर दोराच्या खाली आंगरखा घाला, घडी करून!"

दोर वर गेला. पण वर तो बांधायला काही नव्हते. हैबतराव काठापासून बरेच आत, तांदळ्याच्या मागच्या खोबणीत पाय रोवून बसले. चाळीस हात दोर तिथवर पुरलाच नसता. त्यांनी दोर कमरेभोवती घेतला आणि आधी म्हाताऱ्या गुरवाला सोडले. गुरव खाली टेकला तेव्हा त्याचे दात वाजत होते.

आता पाटील एकटे. धरून उतरवायला वर कोणी नाही.

"मसाजी!" वरून आवाज आला. अठरा वेळा सुळका सर केल्याचे सांगणारा तो आवाज आता पोराच्या आवाजासारखा झाला होता. "मला कोण उतरवणार रं?"

मसाजीने छातीशी हात नेला. फडके तिथेच होते. त्याने दोराला हिसका दिला. "घट्ट धरा, पाटील. म्या वर येतोय."

गुरवाने तोंड उघडले. कदाचित रीत सांगण्यासाठी उघडले असेल. मग त्याचे लक्ष आपल्या तळहातांकडे गेले, त्यांवर मसाजीच्या दोराचा वाख अजून चिकटलेला होता. तो बाजूला सरकला.

मसाजी चढला. आयुष्यात पहिल्यांदा तो थोरल्या सुळक्याच्या माथ्यावर आला तेव्हा गारांनी खडक पांढरा झाला होता आणि हैबतराव उघड्या डोक्याने, उघड्या अंगाने थरथरत बसले होते. एकमेकांकडे पाहायलाही वेळ नव्हता.

"उतरा. म्या धरतो."

"मला खालचं दिसत न्हाई," हैबतराव म्हणाले. "पाय कुठं ठेवू?"

"डोळं मिटा. तोंड देवीकडं करा आन् मागं सरका. आधी टाच टेका. टाचंला जमीन कळती, पाटील. मग पाऊल."

हैबतराव काठाशी गेले आणि थांबले. "आणि तू? तुला कोण धरणार?"

मसाजी त्या वेळी काय म्हणाला ते हैबतरावांनी पुढे आयुष्यभर लोकांना सांगितले. तो म्हणाला, "दोर वळताना म्या कधी हा इचार केला न्हाई. टोक धरणाऱ्यानं धरलेलं आसतंय."

मसाजी अंगाने काटकुळा आणि हैबतराव त्याच्या दुप्पट. दोराला पहिला ताण आला तेव्हा मसाजीचे पाय खोबणीतून सरकले. तो घसरत काठाकडे जाऊ लागला. "महाराज, टोक धरा," एवढे त्याच्या तोंडून निघाले, आणि ताण एकाएकी निम्मा झाला. कोणीतरी मागे बसून भार घेत आहे असे त्याला स्पष्ट जाणवले. वळून पाहायची इच्छा झाली. पण पीळ सोडताना मागे पाहायचे नाही ही जन्माची सवय, त्याने पाहिले नाही. हात हात दोर सोडत राहिला. खालून "टेकलो" अशी हाक आली.

मग त्याने फडके सोडले. हौसाचा हिरवा खण तांदळ्यापुढे ठेवला, बांगड्या ठेवल्या, वाऱ्याने उडू नये म्हणून वर एक दगड ठेवला. डोके टेकवून म्हणाला, "आई, हिनं पाठीवलंय. उशीर झाला, तेवढं पदरात घ्ये." तो रडला का? रडला. पावसात कोणाला दिसणार होते.

उठून त्याने दोराचे मोकळे टोक तांदळ्याशेजारी खडकावर ठेवले. बांधायला काहीच नव्हते. दोर दोन्ही हातांनी धरून तो देवीकडे तोंड करून मागे सरकला. टाच काठावर आली. त्याने अंगाचा भार दोरावर टाकला.

दोर ताठ झाला.

एकेक पाऊल, आधी टाच, मग चवडा, तो तीस हात खाली आला. पायरीवर उभे राहून हैबतराव वरून येणारा तो ताठ दोर पाहत होते. वर माणूस नाही हे त्या एकट्याला नक्की ठाऊक होते. मसाजीचे पाय दगडाला लागताच दोर सैल झाला आणि वरचे टोक त्याच्यापुढे येऊन पडले, जणू कोणी सावकाश सोडून दिले. लोक पुरती शंभर पावले खाली आले नसतील, तोच थोरल्या सुळक्यावर वीज पडली आणि काठाचा एक पत्थर फुटून दरीत गेला.

जखमींना खांद्यावर घेऊन मंडळी गावात आली तेव्हा दिवस मावळायला आला होता. उंबरघळात पावसाचा थेंब पडला नव्हता. ओढ्याकाठी सीताराम वाणी धावत पुढे आला. तो दुपारपासून महाराजांपाशी भजनाला बसला होता.

"डोंगरावर झालं तरी काय?" तो विचारू लागला. "महाराज बसल्या जागी एकदम मागं रेलले. उंबराच्या मुळाला दोन्ही पाय रोवले, मुठी आवळल्या. कपाळाच्या शिरा ताठ झाल्या. आम्ही हाका मारल्या तर म्हणाले, थांबा, अजून एक माणूस उतरायचाय."

हैबतराव पुढे झाले. महाराज उंबराला टेकून बसले होते. त्यांचे दोन्ही तळहात मांडीवर उघडे होते. तळहातांवर आडवे लाल वळ उठले होते, तीन पेडांच्या पिळाचे, आणि त्या वळांत वाखाचे पांढरे तुकडे रुतलेले होते.

उघड्या डोक्याचा तो धिप्पाड माणूस महाराजांच्या पायांवर कोसळला. "महाराज, मी आंधळा झालो होतो. मला पदरात घ्या."

महाराजांनी पाय मागे घेतले. "मी नुसतं टोक धरलं, पाटील. तुमच्यासाठी कड्यावर चढला तो मागे उभा आहे. त्याला माझा हात दिसत नव्हता, तरी चढला. तुम्ही अठरा वेळा वर गेलात, पण पोचला तो."

हैबतराव उठले. मसाजी नेहमीसारखा दहा हात लांब उभा होता. सगळ्या गावासमोर हैबतरावांनी ते दहा हात अंतर तोडले आणि मसाजीच्या फुटलेल्या, चिखलाने भरलेल्या टाचांवर डोके ठेवले. मसाजी घाबरून मागे सरकला. महाराज हसले आणि म्हणाले, "सवयच आहे त्याला मागं जायची. धरा, पाटील, सोडू नका."

त्या दिवसापासून पायरीवर कोणाला अडवले गेले नाही. सुळक्यावरून उतरताना माणूस देवीकडे तोंड करून, आधी टाच टेकवून उतरू लागला. हैबतरावांनी तो पटका पुन्हा डोक्याला बांधला नाही. त्याच्या घड्या करून मसाजीच्या हवाली केला आणि कड्याच्या काठावर दोराखाली घालायला तोच जाऊ लागला.

आणि पुढच्या माघात मसाजी सकाळी उठून बाहेर आला तर अंगणाच्या कडेला, हौसाच्या जागी, कोणीतरी मान खाली घालून बसले होते. डोके उघडे आणि हातात आकडी. मसाजी बघतच राहिला.

"किती हात वळायचा यंदा, मसाजीदादा?" हैबतरावांनी विचारले.

"सत्तर," मसाजी म्हणाला. त्याने टोक बांधून दिले आणि पाटलांकडे तोंड करून एक पाऊल मागे सरकला.

भाविकहो, रानोबा महाराजांनी धरलेले टोक कोणाच्याही हातून सुटू नये.